वाक्यवृक्ष बरोबर, अर्थ चूक: मराठी प्रश्नांच्या व्याकरणातील नेहमीचा बिघाड कसा शोधावा

हाताने लिहिलेल्या नियमांवर चालणाऱ्या भाषा-आकलन प्रणालीत एक बिघाड इतक्या वेळा समोर येतो की त्याच्या तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. पार्सर, म्हणजे वाक्याची रचना उलगडणारा प्रोग्राम, वाक्य स्वीकारतो, वाक्यवृक्ष, म्हणजे त्या रचनेची झाडासारखी आकृती, निर्दोष दिसतो, आणि तरीही त्यातून निघणारा अर्थ अर्धवट, उलटा किंवा निरर्थक असतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी वाक्यरचनेच्या नियमांकडे जातो आणि तिथे एक नवा नियम जोडला जातो. त्या एका वाक्यापुरते काम भागते, पण दुसरी चार वाक्ये मोडतात. दोष नियमात असण्यापेक्षा अर्थ चुकीच्या जागी बांधला गेल्याची शक्यता पुष्कळ जास्त असते, हे गृहीत धरून पुढील क्रम लावला आहे.

उदाहरणे सर्वत्र एकाच विषयातली घेतली आहेत: नद्या, धरणे आणि जिल्हे यांच्या माहितीसाठ्याला मराठीत प्रश्न विचारण्याची सोय. या प्रकाराला जुनी परंपरा आहे. फर्नांडो परेरा आणि डेव्हिड वॉरन यांची प्रोलॉग या तर्काधिष्ठित प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली ‘चॅट-८०’ ही प्रणाली भूगोलाच्या प्रश्नांचीच उत्तरे देत असे. तुमचे व्याकरण पायथॉनमधील एनएलटीके या भाषा-प्रक्रियेच्या साधनसंचाच्या फीचर-व्याकरणात (शब्दांना लिंग, वचन असे गुण, म्हणजे फीचर, जोडणाऱ्या व्याकरणात) असो, प्रोलॉगमध्ये असो वा स्वतः रचलेल्या साच्यात, गृहीत एवढेच आहे की वाक्यरचनेच्या प्रत्येक नियमासोबत अर्थ जोडण्याचा एक नियम लिहिलेला आहे. रिचर्ड माँटेग्यू यांनी १९७० च्या आसपासच्या निबंधांत मांडलेली हीच ती पद्धत: दोन घटक जुळून मोठा घटक झाला की त्यांचे अर्थही त्याच पायरीवर जुळतात.

लक्षणे

पुढीलपैकी एक किंवा अधिक लक्षणे दिसत असतील तर ही तपासणी तुमच्यासाठी आहे.

– साधे, कोणालाही कळणारे वाक्य पार्सर नाकारतो. पण तेच वाक्य स्वतः पुन्हा टंकले की स्वीकारतो.
– वाक्यवृक्ष मिळतो, पण अर्थाच्या जागी न सुटलेला लॅम्डा (अजून न भरलेली जागा दाखवणारी खूण) उरतो किंवा ती जागा रिकामी राहते.
– ‘प्रवरा गोदावरीला मिळते’ याचा अर्थ बरोबर येतो आणि ‘गोदावरीला प्रवरा मिळते’ म्हटले की गोदावरीच प्रवरेची उपनदी होऊन बसते.
– वर्तमानकाळातील वाक्ये चालतात, भूतकाळातील सकर्मक वाक्ये सरसकट अडतात.
– नकारार्थी प्रश्नाला नेमके उलट उत्तर येते.
– एका लांब नामगटाचे डझनभर वाक्यवृक्ष येतात, आणि त्यांतील बरेचसे अर्थाने सारखेच असतात.
– पार्सर अडकून बसतो आणि काहीच परत देत नाही.

शेवटचे लक्षण आधीच निकालात काढू, कारण त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. मराठीत विशेषणे आणि षष्ठीचे गट नामाच्या डावीकडे साचत जातात, म्हणून ‘नामगट म्हणजे नामगट + ची + नामगट’ असा डावीकडे स्वतःलाच बोलावणारा नियम सहज लिहिला जातो. वरून खाली जाणारा साधा पार्सर, आणि प्रोलॉगमधील नेहमीची डीसीजी (व्याकरणाचे नियम थेट प्रोलॉगमध्ये लिहिण्याची पद्धत) हीसुद्धा, अशा नियमावर अनंत फेऱ्या मारत राहते. नियम बदलत बसण्याऐवजी तक्ता ठेवणारा, म्हणजे आधी सापडलेले तुकडे नोंदवून पुन्हा वापरणारा, पार्सर वापरावा. जे अर्ली यांची १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत अशा नियमांना अडखळत नाही आणि फार तर वाक्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वेळ घेते.

पहिली तपासणी: अक्षरे

ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि तिला खर्च काहीच नाही, म्हणून ती पहिली. ‘पाणी पुरवणाऱ्या धरणांची यादी’ हे वाक्य एका संगणकावरून चालते आणि दुसऱ्यावरून चालत नाही, असे झाले तर ‘ऱ्या’कडे पाहावे. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकले जाते: एकात स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण शब्दकोशाच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे शब्द असतात. ‘-णाऱ्या’ हा प्रत्यय मराठी प्रश्नांत सतत येतो आणि भंडारदऱ्यासारखी स्थलनामेही आहेत, त्यामुळे नुकसान वाटते त्याहून मोठे असते. युनिकोडचे ठरावीक प्रमाणीकरण ‘ऱ’ला सांभाळते, परंतु ते जोडचिन्ह काढत नाही, तो बदल स्वतः लिहावा लागतो. तीच गोष्ट ‘ॲ’ या एका अक्षराची आणि ‘अ’वर वेगळी चंद्राची खूण देऊन केलेल्या जोडीची. मराठी आणि इंग्रजी अंकही याच पायरीवर एका साच्यात आणावेत.

हे अर्थाचे काम नव्हे, असे वाटेल. पण अनोळखी शब्दाला ‘असेल एखादे विशेषनाम’ म्हणून पुढे ढकलणारी बरीच व्याकरणे असतात, आणि तिथे अक्षराची चूक थेट चुकीचा अर्थ होऊन बाहेर पडते. पार्सर तक्रार करत नाही, हीच अडचण.

दुसरी तपासणी: शब्दकोशातील नोंदी

चुकलेल्या वाक्यातील प्रत्येक शब्द एकेकटा शब्दकोशातून काढून पाहावा. इथे दोन गोष्टी शोधायच्या असतात.

पहिली गोष्ट सामान्यरूप. ‘कृष्णा’चे ‘कृष्णेला’, ‘भीमा’चे ‘भीमेवर’, ‘कोयना’चे ‘कोयनेच्या’ होते, पण ‘गोदावरी’ तशीच राहते. प्रत्यय छाटून उरलेला भाग मूळ शब्द मानणारी व्याकरणे ‘कृष्णे’ नावाच्या नदीचा शोध घेतात आणि रिकामे उत्तर देतात. नोंदीत मूळ रूप, सामान्यरूप आणि माहितीसाठ्यातील ओळख या तिन्ही बाबी वेगवेगळ्या असाव्यात, आणि अर्थाच्या जागी फक्त तिसरी जावी.

दुसरी गोष्ट प्रकार, म्हणजे ती वस्तू नदी आहे, धरण आहे, गाव आहे की जिल्हा. ‘कोयना’ ही नदीही आहे आणि धरणही. ‘सातारा’ शहरही आहे आणि जिल्हाही. एकाच नोंदीत हे सारे कोंबले तर पुढच्या प्रत्येक पायरीवर गोंधळ होतो. दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात आणि प्रत्येकीला प्रकाराचे फीचर द्यावे. हे फीचर पुढच्या तपासण्यांत वारंवार लागणार आहे, म्हणून आळस न करता सगळ्या नामांना ते आत्ताच द्यावे.

तिसरी तपासणी: प्रयोग आणि क्रियापदाची जुळणी

भूतकाळातील वाक्ये अडत असतील तर बहुधा व्याकरणाचा सांगाडा इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातून उचललेला असतो. त्यात क्रियापद कर्त्याशी जुळते, एवढा एकच नियम असतो. ‘प्रवरा गोदावरीला मिळते’ त्यातून सुखाने पार पडते. ‘इंग्रजांनी प्रवरा भंडारदऱ्याला अडवली’ मात्र अडते, कारण इथे कर्ता अनेकवचनी असून क्रियापद कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी एकवचनी आहे. ‘इंग्रजांनी प्रवरेला अडवले’ म्हटले तर ते ना कर्त्याशी जुळते ना कर्माशी. ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. शाळेत शिकलेले कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग इथे नुसते नाव सांगण्यापुरते नाहीत, ते फीचर म्हणून व्याकरणात असावेच लागतात.

या जागी पुष्कळ जण जुळणीची अटच काढून टाकतात. वाक्ये पार होऊ लागतात, त्यामुळे दुरुस्ती झाल्यासारखे वाटते. ती दुरुस्ती नव्हे. शब्दक्रम मोकळा असलेल्या भाषेत कोण कर्ता आणि कोण कर्म हे सांगणाऱ्या मोजक्या खुणांपैकी जुळणी ही एक खूण आहे, आणि ती काढली की अर्थाच्या नियमाला नुसत्या अंदाजावर चालावे लागते. ‘मी नकाशा पाहिला’ आणि ‘मी नकाशा पाहतो’ ही दोन वाक्ये घ्या. ‘मी’ला दोन्हीकडे प्रत्यय नाही, पहिल्यात क्रियापद नकाशाशी जुळते, दुसऱ्यात बोलणाऱ्याशी, आणि हा फरक फक्त जुळणीच्या फीचरांत दिसतो. ‘तू’, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांचेही तसेच आहे, त्यात ‘तू नकाशा पाहिलास’मध्ये कर्माच्या जुळणीवर पुन्हा द्वितीय पुरुषाचा ‘स’ चढतो. हा ‘स’ वेगळे फीचर म्हणूनच हाताळावा.

कर्मणी प्रयोग सकर्मक भूतकाळाला आपोआप लावून टाकणेही धोक्याचे आहे. ‘ती साडी नेसली’, ‘मी धडा शिकलो’, ‘तो नाव विसरला’ ही वाक्ये सकर्मक आहेत, भूतकाळात आहेत आणि तरी कर्तरी आहेत. म्हणून प्रयोग वाक्याच्या नियमात न ठेवता क्रियापदाच्या नोंदीत ठेवावा, आणि नियमाने तो तिथून वाचावा.

चौथी तपासणी: अर्थांचे साचे एकमेकांत बसतात का

न सुटलेला लॅम्डा दिसला तर वाक्यवृक्ष छापून घ्यावा आणि प्रत्येक गाठीशेजारी तिथल्या अर्थाचा साचा पेन्सिलीने लिहावा: वस्तू, वस्तूंचा गुण, किंवा गुण घेऊन विधान देणारा संख्यावाचक गट. हे काम कंटाळवाणे आहे, पण कुठली गाठ कुठे बसत नाही ते कागदावर लगेच दिसते. पडद्यावरच्या कंसांच्या जंगलात ते दिसत नाही.

सर्वांत जास्त आढळणारा दोष असा. वाक्याच्या नियमात नामगटाचा अर्थ क्रियागटाच्या अर्थावर लावला जातो. ‘प्रत्येक धरण’ हा गट गुण घेऊन विधान देतो, म्हणून तो बसतो. ‘कोयना’ची नोंद मात्र नुसती वस्तू म्हणून केलेली असते, आणि वस्तू कशालाही लावता येत नाही, गाडी तिथेच थांबते. उपाय माँटेग्यू यांनीच दिलेला आहे: विशेषनामालाही संख्यावाचक गटाचाच साचा द्यावा, म्हणजे ‘कोयना’चा अर्थ ‘जो गुण द्याल तो कोयनेला लावून दाखवणारा’ असा होतो. नोंद थोडी बोजड दिसते, परंतु मग नामगटांसाठी एकच नियम पुरतो. विशेषनामांसाठी वेगळा वाक्यनियम लिहिण्याचा मोह टाळावा, कारण पुढे ‘कोयना आणि प्रत्येक उपनदी’ असा जोड आला की ते दोन नियम एकत्र आणता येत नाहीत.

दुसरा दोष लॅम्डा सोडवणाऱ्या, स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये असतो. ‘प्रत्येक धरण एका नदीवर आहे’ यातील दोन्ही संख्यावाचकांनी चलासाठी ‘क्ष’च वापरला असेल आणि कोड केवळ अक्षरांची अदलाबदल करत असेल, तर शेवटी ‘क्ष हा क्षवर आहे’ असे निघते आणि प्रत्येक धरण स्वतःवरच बांधलेले ठरते. उत्तरात अशी स्वतःशीच जोडलेली वस्तू दिसली तर इतर काहीही शोधू नये. सोडवण्यापूर्वी चलांची नावे बदलली जातात का, एवढेच पाहावे.

तिसरी बाब क्रियापदाला किती जागा द्यायच्या ही आहे. ‘मिळणे’ला उपनदी आणि मुख्य नदी अशा दोन जागा दिल्या आणि मग ‘कोयना कराडजवळ कृष्णेला मिळते’ हे वाक्य आले, तर कराडसाठी जागाच उरत नाही. तीन जागांचे दुसरे ‘मिळणे’ लिहिणे हा रस्ता संपत नाही. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९६७ मध्ये सुचवलेला मार्ग इथे कामाचा आहे: क्रियापद एका घटनेबद्दल बोलते असे मानावे, आणि घटनेची उपनदी कोण, मुख्य नदी कोण, ठिकाण कोणते ही सारी स्वतंत्र विधाने ‘आणि’ने जोडावीत. मग कितीही क्रियाविशेषणे आली तरी क्रियापदाची नोंद बदलावी लागत नाही.

पाचवी तपासणी: विभक्ती आणि कारक यांची गल्लत

भूमिका उलटसुलट होत असतील तर दोष जवळजवळ नेहमी इथे असतो, आणि या तपासणीला वेळही सर्वांत जास्त द्यावा लागतो.

सुरुवातीची व्याकरणे जागेवरून भूमिका ठरवतात: पहिला नामगट तो उपनदी, दुसरा तो मुख्य नदी. ‘गोदावरीला प्रवरा मिळते’ या वाक्यावर ती पडतात. मग लेखक नियम बदलतो आणि ‘ला’ लागलेला गट तो मुख्य नदी, असे नियमातच लिहून टाकतो. हे थोडे दिवस चालते. त्यानंतर ‘कोयना कराडला कृष्णेला मिळते’ येते, ज्यात ‘ला’ दोनदा आहे. ‘सोलापूरला उजनीचे पाणी मिळते’ येते, ज्यात ‘मिळणे’ तेच, ‘ला’ही तेच, पण संगमाचा काही संबंध नाही, इथे ‘ला’ पाणी घेणाऱ्याला लागला आहे. ‘कोयनेला पूर आला’ येते, ज्यात ‘ला’ लागलेली नदी काहीच करत नाही आणि कशाला मिळतही नाही. ‘ने’ची कथा निराळी नाही: ‘त्याने काठीने खोली मोजली’ यातला एक ‘ने’ कर्त्याचा, दुसरा साधनाचा.

आपल्या व्याकरणपरंपरेत याचे उत्तर जुने आहे. विभक्ती हे रूप आहे आणि कारक हा क्रियेशी असलेला संबंध आहे; एका विभक्तीचे अनेक कारकार्थ असतात, हे मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतही कोष्टकासह दिलेले असते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे हैदराबादच्या आयआयआयटीमध्ये वाढलेल्या पाणिनीय पद्धतीच्या संगणकीय व्याकरणाने हेच तत्त्व वापरले: प्रत्येक क्रियापदाला कारकांचा एक मूळ तक्ता द्यायचा, आणि काळ व अर्थ बदलला की त्या तक्त्यातील विभक्ती ठरलेल्या रीतीने बदलायच्या. ‘अडवणे’चा कर्ता वर्तमानात प्रथमेत, भूतकाळात ‘ने’ किंवा ‘नी’सह, कर्ता मात्र तोच. चार्ल्स फिलमोर यांचे १९६८ मधील कारक-व्याकरणही जवळपास याच दिशेने जाते.

म्हणून तपासणी अशी करावी. चुकणाऱ्या क्रियापदाची नोंद उघडावी आणि तिच्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहावे: कोणते कारक लागतात, प्रत्येकाला मूळ विभक्ती कोणती, आणि त्या जागेवर कोणत्या प्रकारची वस्तू चालते. ‘मिळणे’च्या दोन नोंदी होतील. पहिलीत नदी प्रथमेत आणि नदी किंवा समुद्र ‘ला’सह, दुसरीत कोणतीही वस्तू प्रथमेत आणि घेणारा ‘ला’सह. ‘कराडला’मधील कराड गाव आहे, नदी नाही, म्हणून ते पहिल्या नोंदीत मुख्य नदीच्या जागी बसूच शकत नाही आणि आपोआप ठिकाण ठरते. वाक्याच्या नियमात ‘ला’चे नावही राहत नाही. नियम छोटे आणि नोंदी भरलेल्या, असे व्याकरण दिसू लागले की बिघाडांची संख्या झपाट्याने उतरते.

इथे एक टोकाचा उपाय लोकांना भुरळ घालतो. नामगट, क्रियागट हे प्रकारच काढून टाकायचे आणि थेट ‘नदी’, ‘धरण’, ‘संगम-प्रश्न’ असे प्रकार घेऊन व्याकरण लिहायचे. याला अर्थाधिष्ठित व्याकरण म्हणता येईल. १९७० च्या दशकात बर्टन आणि ब्राउन यांच्या ‘सोफी’ व गॅरी हेंड्रिक्स यांच्या ‘लाइफर’ या प्रणालींनी हीच वाट घेतली, आणि मर्यादित विषयात ती झटपट फळही देते. पण ‘नदी + ला + नदी + मिळते’ असा नियम लिहिला की नकार, प्रश्न, ‘आणि’, कर्मणी हे सारे प्रत्येक नियमासाठी पुन्हा लिहावे लागते, आणि विषय नद्यांवरून रस्त्यांवर नेला की हाती काहीच उरत नाही. माझे मत स्पष्ट आहे: तीस-चाळीस ठरावीक प्रश्नांची चौकशी-खिडकी करायची असेल तर ही वाट जरूर घ्यावी, त्याहून मोठे काही करायचे असेल तर प्रकार हे फीचर म्हणून ठेवावेत, नियमांची नावे म्हणून नव्हे.

सहावी तपासणी: नकार

‘कोणतीच नदी प्रवरेला मिळत नाही’ या वाक्यात ‘कोणतीच’ला नकारार्थी संख्यावाचक मानले आणि ‘नाही’लाही नकार मानले, तर दोन नकार एकमेकांना खातात. नकार कुठे बसतो त्याप्रमाणे ‘एखादी तरी नदी मिळते’ किंवा ‘प्रत्येक नदी मिळते’ असा अर्थ निघतो, आणि दोन्ही चूक. मराठीत ‘कोणीच’, ‘काहीच’, ‘कोणताही’ हे शब्द वाक्यातील नकाराच्या सावलीत राहतात. त्यांचा अर्थ ‘एखादा’ असाच ठेवावा, त्यांना नकाराची अपेक्षा करणारे फीचर द्यावे, आणि नकार फक्त क्रियापदाकडून यावा.

त्याचबरोबर ‘भीमेला न मिळणाऱ्या नद्या दाखवा’ हा प्रश्न चालवून पाहावा. नकार ही संपूर्ण वाक्याची एक खूण म्हणून ठेवली असेल तर ‘दाखवा’चा अर्थ उलटतो. तो नकार ‘मिळणाऱ्या’च्या आतच सोडवला गेला पाहिजे.

‘सगळ्या नद्या समुद्राला मिळत नाहीत’ हे वाक्य निराळे आहे. ‘एकही मिळत नाही’ आणि ‘सगळ्याच मिळतात असे नाही’ हे त्याचे दोन्ही अर्थ मराठी माणूस संदर्भाप्रमाणे घेतो. व्याकरणाने दोन्ही अर्थ दिले तर तो बिघाड नव्हे.

सातवी तपासणी: वाक्यवृक्षांची गर्दी

‘सातारा जिल्ह्यातील कोयना नदीवरील धरणाच्या जलाशयाची क्षमता’ हा नामगट चालवून पाहावा. ‘क्षमता’च्या डावीकडे चार विशेषक आहेत. प्रत्येक विशेषक पुढच्या कुठल्याही नामाला लागू शकतो आणि रेषा एकमेकींना छेदत नाहीत, एवढीच अट असेल तर वाक्यवृक्ष १४ होतात. ही कॅटलन संख्यांची मालिका आहे: १, २, ५, १४, ४२, १३२. आणखी एक विशेषक जोडला की १४ चे ४२ होतात, त्यामुळे यंत्र दमते ते व्याकरण बिघडल्यामुळे नव्हे, मोजणीमुळे.

आता लिंग-वचन-सामान्यरूपाची जुळणी लावा. ‘धरणाच्या’ हे रूप पुढे सामान्यरूप मागते, म्हणून ते ‘जलाशयाची’मधल्या जलाशयालाच लागू शकते, क्षमतेला लागायचे तर ‘धरणाची’ असायला हवे होते. १४ चे ९ होतात. मग प्रकारांची अट लावा: ‘नदीवरील’ असते ते धरण, आणि जिल्ह्यात असते ती नदी, धरण किंवा जलाशय; क्षमता जिल्ह्यात नसते. ९ चे ३ उरतात. हे तीन वृक्ष खरोखर वेगळे आहेत, पण इथे तिघांचे उत्तर एकच येते. वाक्यरचनेने काही छाटायचे, अर्थाने उरलेले छाटायचे, आणि दोघांनीही न छाटलेले वापरणाऱ्याला न दाखवता उत्तरांवरून एक करायचे, असा हा क्रम आहे. जुळणीची अट तिसऱ्या तपासणीत कोणी काढून टाकली असेल तर तिची किंमत इथे मोजावी लागते.

उत्तरांवरून एक करायचे, हे मुद्दाम लिहिले आहे. दोन तार्किक सूत्रे एकाच अर्थाची आहेत का, हे अक्षरे ताडून कळत नाही. ‘अ आणि ब’ व ‘ब आणि अ’ हीसुद्धा वेगळी दिसतात. प्रथमस्तरीय तर्कासाठी (‘प्रत्येक’, ‘एखादा’ असे संख्यावाचक असलेल्या तर्कासाठी) याची सर्व बाबतींत चालणारी यांत्रिक कसोटी असूच शकत नाही, हे १९३६ मध्ये चर्च आणि ट्युरिंग यांच्या कामातून सिद्ध झाले आहे. म्हणून चाचण्यांच्या फाइलमध्ये अपेक्षित सूत्र न ठेवता एका लहानशा, मुद्दाम रचलेल्या माहितीसाठ्यावरचे अपेक्षित उत्तर ठेवावे. त्या साठ्यात प्रत्येक नदीचे किमान एक उलट उदाहरण हवे, नाहीतर चुकीचा अर्थही योगायोगाने बरोबर उत्तर देऊन जातो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वरच्या सात तपासण्या धीर धरणाऱ्या कोणालाही करता येतात. पुढील प्रसंगी मात्र एकट्याने पुढे जाऊ नये.

‘प्रत्येक जिल्ह्यातील एका धरणाने दोन गावांना पाणी दिले’ यासारख्या वाक्यात तीन संख्यावाचकांच्या व्याप्तीचे (कोणता संख्यावाचक कोणाच्या आत बसतो याचे) क्रम ३ गुणिले २, म्हणजे ६ होतात. यांतील कोणते मराठीत खरोखर संभवतात आणि कोणते केवळ कागदावर आहेत, हे नियम लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते. व्याप्ती अनिर्णीत ठेवणाऱ्या पद्धती आहेत, आणि किमान पुनरावर्ती अर्थरचना (एमआरएस) त्यांतली बरीच वापरली जाणारी आहे. परंतु ती जुन्या व्याकरणावर वरून चिकटवता येत नाही. उत्तर व्याप्तीवर अवलंबून असेल तर औपचारिक अर्थविचार शिकलेल्या भाषावैज्ञानिकाला बोलवावे.

एखादे वाक्य चालते की नाही, यावर मराठी बोलणाऱ्यांचेच एकमत होत नसेल तर नियम लिहिणे थांबवावे. ‘तो पाणी प्याला’ आणि ‘त्याने पाणी प्यायले’ ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात. कोकणात, विदर्भात आणि मराठवाड्यात प्रयोगांची आणि प्रत्ययांची रूपेही वेगळी होतात. कोणत्या बोलीचे व्याकरण लिहायचे हा निर्णय बोलीअभ्यासकाच्या मदतीने आधी घ्यावा.

वापरणारे मोकळ्या गप्पांसारखे प्रश्न विचारू लागले असतील आणि रोज नवीन क्रियापदांची यादी वाढत असेल, तर हा बिघाड नव्हे. हाताने लिहिलेल्या व्याकरणाची मर्यादा आली आहे. तिथे भरपूर मजकुरावर शिकवलेले पार्सर हाताळणाऱ्या अभियंत्याशी बोलावे.

आणि धरणातील विसर्ग, औषधाची मात्रा किंवा पैशांचा व्यवहार अशा बाबतीत प्रणालीचे उत्तर थेट वापरले जाणार असेल, तर व्याकरण कितीही निर्दोष वाटले तरी त्या विषयाच्या जबाबदार तज्ज्ञाने उत्तरे तपासल्याशिवाय ती बाहेर जाऊ देऊ नयेत. माहितीसाठ्यात नोंद नाही म्हणून ‘नाही’ असे उत्तर देणारी प्रणाली भूगोलाच्या कोड्यात चालते. इथे चालत नाही.

तज्ज्ञाकडे जाताना संपूर्ण व्याकरण पाठवून उपयोग नसतो. मोडणारे सर्वांत छोटे वाक्य, त्याच्या शेजारी जवळपास तसेच पण चालणारे दुसरे वाक्य, दोन्हींचे वाक्यवृक्ष, सोडवण्याआधीचे आणि नंतरचे अर्थ, संबंधित क्रियापदाची नोंद आणि मराठी बोलणाऱ्या दोघातिघांनी स्वतंत्रपणे सांगितलेला अपेक्षित अर्थ, एवढे एका पानावर द्यावे.